उसन्या नावाचा बागाईतदार

१८६५ सालच्या सुरुवातीला जपानच्या दक्षिण टोकाजवळच्या हाशिमा नावाच्या कोळ्यांच्या गावात काही परके लोक येऊन राहिले. सरदाराच्या हुकुमानं जवळपासच्या बेटांवर कामगिरीसाठी निघालो आहोत, असं ते सांगत. बेटांकडे जाणारी होडी मात्र त्यांनी एकदाही धरली नाही. दोन महिने नुसते समुद्राकडे डोळे लावून बसले. ते वाट बघत होते एका इंग्रजी आगबोटीची.

जपान सोडून परदेशी जाणं हा तेव्हा देहदंडाचा गुन्हा होता. बिंग फुटलंच तर घरच्यांवर बालंट येऊ नये, म्हणून एकोणीस जणांच्या त्या तुकडीत प्रत्येकाला एकेक नवं नाव देण्यात आलं होतं. सर्वांत लहान मुलगा होता तेरा वर्षांचा. घरचं नाव इसोनागा हिकोसुके. त्याच्या वाट्याला आलेलं नाव नागासावा कानाए.

गरज सरली की उसनी वस्तू परत करावी, अशी रीत आहे. या मुलानं ते नाव कधीच परत केलं नाही. पुढची ६९ वर्षं तो त्याच नावानं जगला आणि त्याच नावानं त्यानं कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा गावाबाहेर द्राक्षाचा एक नामांकित मळा आणि वाइनचा धंदा उभा केला. तो मळा त्याच्या माघारी घरच्यांकडे का राहिला नाही, हा या कहाणीचा उत्तरार्ध. तो समजून घ्यायला आधी हाशिमाला जायला हवं.

ही तुकडी सात्सुमा संस्थानाची. खरं तर या संस्थानानं आपली पोरं इंग्लंडला धाडावी, याचंच नवल. दोनच वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांची राजधानी कागोशिमा तोफांनी भाजून काढली होती. निमित्त झालं रस्त्यावरच्या एका प्रसंगाचं. १८६२ मध्ये योकोहामाजवळच्या नामामुगी गावाशी सात्सुमाच्या राजपित्याची मिरवणूक चालली होती. समोरून घोड्यावर आलेले इंग्रज वेळेत बाजूला झाले नाहीत. सामुराईंनी तलवारी उपसल्या आणि चार्ल्स रिचर्डसन नावाचा व्यापारी तिथंच मेला. ब्रिटननं सात्सुमाकडे २५ हजार पौंडांची भरपाई आणि गुन्हेगारांची मुंडकी मागितली. सात्सुमानं दाद दिली नाही, तेव्हा ऑगस्ट १८६३ मध्ये ब्रिटिश लढाऊ जहाजं कागोशिमाच्या खाडीत शिरली. वादळी वाऱ्यात लाकडी घरांचं ते शहर पेटलं. किनाऱ्यावरच्या तोफांनीही इंग्रजांची माणसं मारली, पण कोणाचा मार लांबवर पोचतो हे दोन्हीकडच्यांना दिसलं होतं.

सात्सुमाच्या शहाण्या माणसांनी यातून काढलेला निष्कर्ष साधा होता: ज्यानं मारलं त्याच्याकडूनच विद्या शिकायची. गोदाई तोमोआत्सु हा तरुण अधिकारी या लढाईत इंग्रजांच्या हाती लागला होता. विद्यार्थी परदेशी पाठवावेत, हा आग्रह त्याचाच. नागासाकीत व्यापार करणारा स्कॉटिश माणूस थॉमस ग्लोव्हर यानं बोटीची सोय केली. एप्रिल १८६५ मध्ये बोट हाशिमाच्या किनाऱ्यापाशी आली आणि एकोणीस जण रातोरात नाहीसे झाले. हाँगकाँग आणि सिंगापूरमार्गे ते सुएझला पोचले. कालवा अजून खोदून व्हायचा होता, त्यामुळे तिथून भूमध्य समुद्रापर्यंत आगगाडी. जन्मात पहिल्यांदा पाहिलेली. जूनमध्ये ते इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले.

बाकीचे विद्यार्थी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकू लागले. हिकोसुके, म्हणजे आता नागासावा, कॉलेजसाठी फारच लहान. त्याची रवानगी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला, ग्लोव्हरच्या आईवडलांच्या घरी झाली. तेरा-चौदाचं वय, आजूबाजूला एकही जपानी माणूस नाही, आणि शाळेत स्कॉटिश पोरं. दोन वर्षांत इंग्रजी त्याची रोजची भाषा झाली. बाकीच्या अठरा जणांसाठी परदेश म्हणजे मुक्काम होता; याचं मात्र वाढीचं वयच तिथं गेलं. पुढच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथं आहे.

१८६७ मध्ये पैसे संपत आले. जपानमध्ये शोगुनशाहीविरुद्धचं युद्ध तोंडावर होतं, सात्सुमा त्यात आघाडीला, आणि लंडनच्या विद्यार्थ्यांना पुरवायला तिजोरीत फारसं काही उरलं नव्हतं. अशा वेळी त्यांच्या आयुष्यात आला लॉरेन्स ऑलिफंट. ब्रिटिश संसदेचा सभासद, पूर्वी जपानमध्ये राजनैतिक अधिकारी, आणि आता थॉमस लेक हॅरिस नावाच्या एका अमेरिकी गूढवादी गुरूचा शिष्य. हॅरिसनं न्यूयॉर्क राज्यात 'ब्रदरहुड ऑफ द न्यू लाइफ' नावाचा पंथ चालवला होता. शिष्यांनी आपली मालमत्ता गुरूच्या हाती द्यायची, आश्रमात अंगमेहनत करायची, आणि श्वासातून परमेश्वर अंगात भिनवायची साधना करायची. आपल्याकडे असले मठ आणि महाराज नवे नाहीत, त्यामुळे मराठी वाचकाला हे चित्र लगेच कळेल. गरजू विद्यार्थ्यांना तिथं अन्न, आसरा आणि शिक्षणाची आशा होती. सहा जण अमेरिकेला गेले.

त्यातले पाच टिकले नाहीत. काही जण हॅरिसशी खटके उडाल्यावर कॉलेजांत निघून गेले. मोरी आरिनोरी १८६८ मध्ये मायदेशी परतला. तो पुढे वॉशिंग्टनमध्ये जपानचा पहिला राजनैतिक प्रतिनिधी आणि नंतर देशाचा पहिला शिक्षणमंत्री झाला. १८८९ मध्ये एका माथेफिरूनं त्याला भोसकलं. नवा जपान घडवण्याच्या धामधुमीत ते सगळे परत ओढले गेले. नागासावा मागे राहिला. ज्या देशातून तो निघाला होता, तो देश एव्हाना पालटला होता. आणि अ‍ॅबर्डीननंतर त्याला घर म्हणावं असं हॅरिसचं बिऱ्हाडच उरलं होतं.

पंथाचं बिऱ्हाड ईरी सरोवराकाठी ब्रॉक्टनला हलल्यावर त्याची द्राक्षाशी गाठ पडली. सरोवराच्या उबेमुळे तिथं थंडीचा कडाका उशिरा येतो, म्हणून द्राक्ष चांगलं पिकतं. हॅरिसच्या लेखी वाइन हे साधनेचंच अंग. आपल्या मंडळींनी केलेल्या वाइनमध्ये दैवी शक्ती उतरते, असं तो सांगे. शक्तीचं काय ते गुरू जाणे. पण दारू गाळायची तर वेल जगवावी लागते, छाटावी लागते, रस आंबवावा लागतो, आणि ही विद्या ध्यानाला बसून येत नाही. आश्रमातल्या जाणकाराच्या हाताखाली नागासावा ती शिकत गेला.

१८७५ मध्ये हॅरिस मोजक्या शिष्यांना घेऊन पश्चिमेला निघाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, सोनोमा परगण्यातल्या सांता रोझा गावाबाहेरच्या टेकडीवर त्यानं ४०० एकर जमीन घेतली आणि तिला नाव दिलं 'फाउंटनग्रोव्ह'. नागासावा तेव्हा २३ वर्षांचे होते. आधी दूधदुभत्याचा धंदा झाला, पण त्या उतारांची माती आणि समुद्राकडून येणारं संध्याकाळचं धुकं पाहता इथं द्राक्षच लावायला हवं, हे उघड होतं. सत्तरचं दशक संपता संपता वेली लागल्या. १८८२ पर्यंत स्वतःची वायनरी उभी राहिली. पुढे इस्टेट दोन हजार एकरांच्या आसपास गेली आणि त्यात सुमारे ४०० एकर निव्वळ द्राक्ष होतं.

पण सोनोमात याच काळात एक संकट मुळाशी लागलं होतं. फिलॉक्सेरा नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा पिवळसर किडा मुळांतला रस शोषतो. मुळांवर गाठी येतात, ती कुजतात. वरून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं की वेल यंदा जरा मलूल आहे. पुढच्या वर्षी शेंडा वाढत नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षी वेल वाळते. फवारून तो मरत नाही, कारण तो जमिनीखाली. फ्रान्समधल्या बागांची यानं धूळधाण केली होती. कॅलिफोर्नियात तो १८७३ मध्ये सोनोमातच ओळखला गेला. यावर निघालेला इलाज बागाईतदाराच्या हाताचा होता. किडा मूळचा अमेरिकेतला, त्यामुळे अमेरिकेच्या रानद्राक्षाची मुळं त्याला दाद देत नाहीत. म्हणून मूळ रानटी ठेवायचं आणि वरचा वेल युरोपातला. रानवेलीचा खुंट आडवा कापायचा, मधोमध उभी चीर द्यायची, दोन डोळ्यांच्या काडीला पाचरेसारखा आकार द्यायचा आणि ती चिरेत अशी बसवायची की सालीला साल भिडली पाहिजे. केसभर इकडेतिकडे झालं की कलम गेलं.

नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदाराला हे वाचून नवल वाटणार नाही. डॉगरिजच्या खुंटावर ऑगस्ट-सप्टेंबरात कलमं भरताना तो हेच करतो. डॉगरिज हाही मुळात टेक्सासचा रानवेल. आपल्याकडे तो आला खारवट पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी, त्यांच्याकडे रानवेलींचे खुंट आले किड्यासाठी, हात तेच. फाउंटनग्रोव्हनंही हाच मार्ग धरला, आणि वेलीचा जाणकार म्हणून नागासावांचं नाव परगण्यात झालं. निवडुंगापासून आलुबुखारापर्यंत झाडांच्या नवनव्या जाती घडवणारा ल्यूथर बरबँक सांता रोझाचाच. दोघांची मैत्री जमली यात आश्चर्य नाही.

हॅरिसच्या आश्रमाचं पुढे जे व्हायचं तेच झालं. १८९१ मध्ये अल्झायर शेव्हेलिये नावाची एक बाई तिथं राहून गेली आणि तिनं आश्रमातल्या स्त्री-पुरुष संबंधांविषयी वृत्तपत्रांतून रान उठवलं. फाउंटनग्रोव्हचा धांडोळा घेणाऱ्या गे लेबॅरन आणि बार्ट केसी यांच्या २०१८ सालच्या पुस्तकात या प्रकरणाचा सविस्तर तपशील आहे. १८९२ च्या आरंभी हॅरिसनं सांता रोझा सोडलं, ते कायमचं. कारभार पडला नागासावांकडे. १९०० मध्ये हॅरिसनं ४० हजार डॉलर्सना मळा मागे राहिलेल्या पाच जणांच्या नावे करून दिला. अट अशी की एकेक जण गेला की त्याचा हिस्सा उरलेल्यांकडे जाईल आणि शेवटी जो राहील त्याचा सगळा मळा. पाच जणांत शेवटपर्यंत राहिले नागासावा. दैवी श्वासाचा पंथ विरून गेला. त्याच्या हाताला लागलेला वेल तेवढा उरला.

या काळातले नागासावा गावातली बडी असामी होते. लोक त्यांना 'बॅरन' म्हणत, कुणी 'प्रिन्स' म्हणे. दोन्ही पदव्या गावानंच देऊन टाकलेल्या. सांता रोझातून जाणाऱ्या जपानी पाहुण्यांचा मुक्काम त्यांच्या घरी पडे. लग्न त्यांनी केलं नाही. १८९९ मध्ये त्यांनी घोड्यांसाठी एक कोठार बांधून घेतलं. सोळा बाजूंचं, साधारण साठ फूट उंच, वर शंकूसारखं छप्पर. लांबून ते गोल दिसे, म्हणून सारे त्याला गोल कोठार म्हणत. झिनफँडेल, कॅबर्ने, पिनो न्वार अशा जातींच्या फाउंटनग्रोव्ह वाइन देशभर जात. १९०६ च्या भूकंपात सांता रोझाचा बाजारभाग भुईसपाट झाला, तडाखा मळ्यालाही बसला, पण त्यातून धंदा सावरला. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात वाइनच्या परीक्षकांत त्यांना मान मिळाला, आणि जपानच्या सम्राटानंही त्यांना सन्मानपदक दिलं. ज्या देशातून चोरून निघाले, त्यानं आता कौतुक केलं होतं. ज्या देशात चाळीसहून जास्त वर्षं राबले, त्याचा कायदा मात्र दुसऱ्याच दिशेनं चालला होता.

अमेरिकेत परक्याला नागरिकत्व द्यायचं तर तो 'गोरा' हवा, असा १७९० पासूनचा नियम होता. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. आशियाई माणसाला दार बंदच राहिलं. कॅलिफोर्नियानं याच नियमाचा फास केला. ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही, असा कायदा राज्यानं १९१३ मध्ये केला. त्यात जपान्यांचं नाव कुठंही नव्हतं, तरी रोख कुणावर आहे हे गावातल्या पोरालाही कळत होतं. जपानी शेतकऱ्यांनी पडीक जमिनी कसून भाजीपाला आणि फळांत जम बसवला होता, आणि तेच डोळ्यांत सलत होतं. पळवाटा निघाल्या. कुणी जमीन अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या नावावर केली, कुणी ओळखीच्या गोऱ्याच्या. १९२० मध्ये कायदा आणखी आवळला गेला.

हाच फास कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांनाही लागला. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा नागरिकत्वाचा दावा सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. जपानी माणूस 'कॉकेशियन' नव्हे, असं त्यात म्हटलं होतं. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांची पाळी आली. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हिंदुस्थानी माणूस मानववंशशास्त्राप्रमाणे कॉकेशियनच ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद. न्यायालयानं सांगितलं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. तीन महिन्यांत फूटपट्टी बदलली, निकाल तोच राहिला. पंडितांचं स्वतःचं नागरिकत्व काढून घ्यायचीही खटपट झाली. ती मात्र त्यांनी कोर्टात हाणून पाडली.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपल्याकडे कुळांसाठी दिली गेली. कॅलिफोर्नियानं ती उलटी करून वापरली: कसणारा कोण, ते आधी पाहू. नागासावांची स्वतःची मालकी १९१३ च्या आधीची, म्हणून ती शाबूत राहिली. प्रश्न होता पुढच्या पिढीचा. द्राक्षाच्या वेलीला पहिलं पीक यायला तीन वर्षं लागतात आणि नीट जपली तर ती दोन-तीन पिढ्या पोसते. बाग लावणारा माणूस आपल्या मागचाही हिशेब धरतो. नागासावांनी जपानहून नातलग कुटुंब बोलावून घेतलं होतं. त्या कुटुंबातली मुलं अमेरिकेत जन्मली, म्हणजे जन्मानं नागरिक. मळा त्यांच्या हाती जावा, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली.

मध्ये दारूबंदी येऊन गेली. १९२० पासून देशभर वाइन विकायला मनाई झाली. कायद्यात एक फट होती: घरच्यापुरता दोनशे गॅलनपर्यंत फळांचा रस करायला मुभा. त्यामुळे ताजी द्राक्षं आगगाडीच्या डब्यांतून पूर्वेकडच्या शहरांत धावू लागली. रस पुढे आपोआप आंबला तर त्याला कोण काय करणार? पण लांबच्या प्रवासाला जाड सालीची द्राक्षं चालत. उत्तम वाइन देणाऱ्या पातळ सालीच्या जाती वाटेतच खराब होत. दर्जावर नाव कमावलेल्या मळ्यांना म्हणूनच ही वर्षं जड गेली. फाउंटनग्रोव्हनं वेली मोडल्या नाहीत, तग धरला. ५ डिसेंबर १९३३ ला दारूबंदी उठली. १ मार्च १९३४ ला नागासावा वारले. वय ८२. तेरा वर्षं ज्याची वाट पाहिली, त्या दिवसानंतर त्यांना जेमतेम तीन महिने मिळाले.

पुढचं चटकन सांगून टाकण्यासारखं आहे. अज्ञान वारस, परक्यांच्या हातातला कारभार, मंदीचे दिवस, आणि डोक्यावर जमिनीचा कायदा. मळा विकला गेला आणि वारसांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. नागासावा गेल्यानंतर आठच वर्षांनी जपानशी युद्ध सुरू असताना सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडण्यात आलं. त्यात हे कुटुंबही होतं. जन्मानं नागरिक असलेल्यांनाही सूट नव्हती. जमिनीचा कायदा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला १९५२ मध्ये. जपानी माणसाला नागरिक होण्याचा हक्कही त्याच वर्षी मिळाला. नागासावांना जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. एव्हाना फाउंटनग्रोव्हच्या वेली उपटून तिथं गुरं चारायची वेळ आली होती. नंतर कारखाना आला, बंगले आले.

विसर मात्र पूर्ण पडला नाही. १९८२ मध्ये कागोशिमाच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोर त्या तुकडीतल्या तरुणांचा शिल्पसमूह उभा राहिला. पुढच्या वर्षी टोकियोच्या संसदेत बोलताना रोनाल्ड रेगन यांनी नागासावांचं नाव घेतलं. मधल्या काळात सोनोमाचं द्राक्षही पुन्हा मानानं उभं राहिलं, इतकं की नव्वदच्या दशकात नाशिकजवळ राजीव सामंतांनी 'सुला' उभी करायला घेतली, तेव्हा वाइन करायला शिकवणारा केरी डॅम्सकी सोनोमाहूनच आला. सुलाच्या पहिल्या बाटल्या २००० साली निघाल्या त्यामागं त्या परगण्याची विद्या आहे. ती विद्या तिथं रुजवणाऱ्या पहिल्या पिढीत कागोशिमाचा एक मुलगा होता.

मळ्याची शेवटची खूण म्हणजे ते गोल कोठार. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री कॅलिस्टोगाजवळ लागलेला वणवा वाऱ्यावर स्वार होऊन टेकड्या ओलांडत सांता रोझात शिरला. बावीस माणसं गेली, पाच हजारांहून जास्त इमारती जळाल्या. फाउंटनग्रोव्हचा उतार त्याच्या वाटेतच होता. भूकंप, दारूबंदी, विक्री आणि ११८ वर्षं सोसलेलं ते लाकडी कोठार सकाळपर्यंत राख झालं होतं.

जुन्या मळ्याच्या जमिनीवर आज एक सार्वजनिक उद्यान आहे. सांता रोझाच्या नगरपालिकेनं ते २००७ मध्ये खुलं केलं. हाशिमाच्या किनाऱ्यावर, पकडलं जाऊ नये म्हणून, प्रवासापुरतं दिलेलं नाव त्या उद्यानाला आहे: नागासावा. जमीन गेली, वेली गेल्या, कोठार गेलं. परत न केलेली उसनवारी तेवढी राहिली.